पोटाच्या गोळीची शेवटची तारीख

२० फेब्रुवारी २०२४, एकादशी. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहाची सांगता होती आणि उपवासाचा दिवस म्हणून प्रसादाला भगर-आमटी होती. रात्री पंगती उठल्या आणि सोमठाण्याच्या, शेजारच्या खापरखेडच्या माणसांच्या पोटात कळा यायला लागल्या. मळमळ, ओकाऱ्या, जुलाब. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात एकदम एवढी माणसं आली की खाटा पुरेनात. मग बाहेरच्या झाडांना दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि खाली जमिनीवर माणसं निजवली. बाधितांचा आकडा कोणी दोनशे सांगितला, कोणी पाचशे. त्या रात्रीची चित्रफीत देशभर फिरली. सुदैवाने माणसं बचावली.

चर्चा झाली ती दोरीची आणि झाडाची. ती व्हायलाच हवी होती. तालुक्यात खाटा किती आणि डॉक्टर किती, हे प्रश्न त्या दोरीला लटकलेलेच होते. मला मात्र त्या बाटलीबद्दल बोलायचं आहे. तिच्यात असतं काय? साध्या सलाईनमध्ये लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. रिंगर लॅक्टेट असेल तर सोबत थोडं पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट. विष उतरवणारं तिच्यात काहीही नाही. अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ परत भरणं एवढंच तिचं काम. ज्याची ओकारी थांबत नाही, जो ग्लानीत गेला आहे, ज्याची नाडी हाताला लागत नाही, त्याला ती शिरेतून द्यावीच लागते, मग झाडाला टांगून का होईना. ज्याला घोट घोट पिता येतं, त्याचं तेच काम पाकिटातल्या पावडरीने होतं. त्या रात्री कोणाला काय हवं होतं हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं होतं. बाहेर बसून त्यांना शिकवणं आगाऊपणाचं होईल. पण आपल्याकडे एरवीही बाटली चढल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. ‘दोन सलाईन लावा डॉक्टर, जरा ताकद येईन’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. लिटरभर मिठाच्या पाण्यातून ताकद कुठून यायची?

मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं, पुढे बीबी. सुलतानपुरातूनच लोणारचा रस्ता फुटतो. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभऱ्याचा हा टापू, आणि याच टापूतला वाचक डोळ्यांपुढे ठेवून पोटाच्या औषधांवरचं हे पुस्तक लिहिलं आहे. पोट बिघडलं की इथला माणूस आधी घरातला ओवा चावतो. मग मेडिकलवर जातो, तिथून दवाखान्यात, आणि फारच झालं तर मेहकर, जालना किंवा संभाजीनगर गाठतो. या वाटेवर सगळ्यात जास्त औषध मेडिकलच्या काउंटरवर हातात पडतं. ‘भाऊ, पित्ताच्या चार गोळ्या द्या.’ कात्रीने पट्टी कापली जाते. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धंच राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते. कधी तर वर्तमानपत्राच्या पुडीत तीन रंगांच्या तीन गोळ्या बांधून मिळतात आणि ‘एक-एक येळ घ्या’ एवढीच सूचना. पुडी संपली आणि बरं वाटलं की पुढच्या वेळी तोच माणूस पुडीचे रंग सांगून औषध मागतो.

कोणत्या दुखण्याला कोणती गोळी, हे या पुस्तकात आहेच. त्याच्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काही तरी मला लिहिता लिहिता दिसत गेलं. पोटाच्या औषधांचं नुकसान बहुतेक वेळा चुकीच्या गोळीने होत नाही. बरोबर गोळी भलत्या मुदतीपर्यंत घेतल्याने होतं. सात दिवसांची गोळी सात वर्षं चालते आणि सहा महिन्यांची दुसऱ्या महिन्यात सुटते. म्हणून प्रत्येक औषधाच्या नोंदीखाली शेवटची ओळ एकच ठेवली आहे: हे कधी थांबवायचं. काही ठिकाणी त्या ओळीत ‘थांबवायचं नाही’ असंही लिहिलेलं सापडेल.

सुरुवात जुलाबाच्या औषधापासून, म्हणजे ओआरएसच्या पाकिटापासून केली आहे, कारण पोटाच्या औषधांत सगळ्यात जास्त जीव त्याने वाचवले आणि सगळ्यात कमी मान त्यालाच मिळतो. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पेटला. रुग्णालयात जमिनीवर माणसं पडलेली आणि शिरेतून द्यायचं द्रव संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात पुड्या बांधून घेतल्या. लिटरभर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पिंपात पाणी कालवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आईने मुलाला, भावाने भावाला वाटीवाटीने पाजलं. तीन हजारांहून अधिक रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्याआधी अशा साथीत ते तीस टक्क्यांपर्यंत जाई. तोंडाने पाणी पाजून कॉलरा हाताळता येतो हे कोलकात्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी १९५३ मध्ये छापून आणलं होतं, पण त्या वेळी जगाने फार लक्ष दिलं नाही. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, आणि पद्मविभूषण त्यांना त्यानंतर, २०२३ मध्ये मिळालं.

हे पाणी का लागू पडतं ते समजून घेण्यासारखं आहे. जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असतं, तरी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेण्याची त्याची वाट शाबूत असते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ती मांडली. ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आतड्याच्या अस्तरातून आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी शिरतं. म्हणजे साखर इथे चवीसाठी नाही आणि ताकदीसाठीही नाही. ती मापात असेल तरच काम होतं. जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढून जुलाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट आहे. मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं. ते ग्लासभर पाण्यात ओतलं तर मीठ विषासारखं जड होतं, आणि दोन लिटरमध्ये ओतलं तर नुसतं पाणी राहतं. मेडिकलच्या फ्रिजमधले गोड पेयांचे डबे हे या पाकिटाचे भाऊबंद नव्हेत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, पण त्यालाही ऑक्टोबर २०२५ उजाडला.

पाकिटाची शेवटची तारीख सोपी: जुलाब थांबले की पाकीट बंद. मुलांना सोबत दिल्या जाणाऱ्या झिंकच्या गोळीचं मात्र तसं नाही. ती दहा ते चौदा दिवस द्यायची असते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, त्याखालच्याला दहा. तिसऱ्या दिवशी शी घट्ट होते, आईला हायसं वाटतं आणि उरलेली पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जाते. झिंकचा निम्मा उपयोग पुढच्या दोन-तीन महिन्यांतली हगवण टाळण्याचा असतो, तो त्या डब्यात राहून जातो.

जुलाब ‘बांधणारी’ गोळी म्हणजे लोपरामाईड. ती आतड्याची हालचाल मंदावते. मोठ्या माणसाला लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीच्या प्रवासात एखाद-दोन दिवस चालेल. लहान मुलाला नाही, ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यालाही नाही, कारण जे बाहेर पडायला हवं ते आत कोंडलं जातं. आणि नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या जोडगोळ्या? साध्या पाण्यासारख्या जुलाबाला त्या बहुतेक वेळा लागतच नाहीत. विषबाधेत तर अनेकदा जंतूंनी किंवा बुरशीने आधीच तयार केलेलं विष पोटात गेलेलं असतं, त्यावर जंतुनाशकाचा काय उपाय? भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी वाढते, म्हणून दरवर्षी नवरात्र-महाशिवरात्रीच्या सुमारास अन्न व औषध प्रशासन भगर आणि तिचं पीठ सुटं घेऊ नका, पाकीट पाहून घ्या, घरी निवडून दळा, असं सांगतं. सप्ताहाच्या आचाऱ्यालाही ते सांगायला हवं. त्याच्या कढईत गावाचं पोट असतं.

आता पित्त. पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण हेच झालं, कारण सगळ्यात जास्त गोळ्या याच दुखण्याच्या खपतात.

आम्लपित्ताचं जुनं औषध सुलतानपूरच्या शेजारीच पडलेलं आहे. लोणारच्या तळ्यातले क्षार म्हणजे मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. कधीकाळी ते काढून विकले जात. ‘ऐन-इ-अकबरी’त मेहकर सरकारातल्या या परिसराविषयी काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो अशी नोंद आहे. (तळ्याचा क्षार कोणी जिभेला लावू नये. ते पाणी इतकं अल्कलीयुक्त आहे की त्यात निवडक सूक्ष्मजीवच तगतात.) शुद्ध केलेला बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा, आणि फसफसणाऱ्या बहुतेक पाचक पावडरींचा जीव तोच. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याची गाठ पडली की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. खणखणीत ढेकर येतो आणि माणूस म्हणतो, गॅस मोकळा झाला. तो गॅस औषधानेच दोन मिनिटांपूर्वी तयार केलेला असतो! जळजळ खरोखर थांबते, पण थोड्या वेळापुरती, आणि सोड्याबरोबर बरंच सोडियम पोटात जातं, ते बीपीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला बाधतं. पांढऱ्या-गुलाबी पातळ औषधांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जोडीने असतात, कारण ॲल्युमिनियमने पोट बांधतं आणि मॅग्नेशियमने सैल होतं. एकाचा दोष दुसऱ्याने फेडायचा. अधूनमधून जेवण जड झालं तर याच्याइतकं सरळ औषध नाही. पंधरा दिवस रोज लागायला लागलं तर मात्र दुखणं वेगळं आहे असं समजावं.

तयार झालेलं आम्ल मारण्याऐवजी ते तयारच होऊ द्यायचं नाही, ही कल्पना जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाची. हिस्टामिन जठरातल्या ज्या जागी बसून आम्लाचा हुकूम देतं ती जागा त्यांनी अडवली. आधीच्या एका रसायनाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून ते सोडावं लागलं. १९७६ मध्ये सिमेटिडिन आलं. तोवर अल्सर म्हणजे दूध-भात, पथ्य आणि शेवटी सुरी. पोटाचे मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जगभर सर्रास होई. ब्लॅकना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. सिमेटिडिनच्या मागून १९८१ मध्ये रॅनिटिडिन आलं आणि काही वर्षांत ते जगात सगळ्यात जास्त विकलं जाणारं औषध झालं. आपल्याकडे तर रॅनिटिडिन घराघरात पोचलं. इंजेक्शन दिलं की सोबत ‘पोटासाठी’ तेही टोचायचं, असा रिवाजच पडला. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ही कर्करोगाचा संशय असलेली अशुद्धी सापडली. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला सांगितलं आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. ज्यांनी वर्षानुवर्षं ते घेतलं त्यांनी घाबरून जावं असं यात काही नाही. पण चाळीस वर्षं डोळे मिटून घेतलेल्या औषधाचंही असं होऊ शकतं, हे ‘साधी गोळी आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

त्याची जागा ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या मंडळींनी घेतली. ओमेप्राझोल स्वीडनमधून १९८८ मध्ये आलं. ही औषधं हुकूम अडवत बसत नाहीत. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर फेकणारे पंपच ती निकामी करतात. रक्तातून औषध तास-दोन तासांत ओसरतं, पण बंद पडलेला पंप बंदच राहतो. नवा तयार होईपर्यंत आम्ल कमी. मात्र चालू पंपच त्यांना सापडतो, झोपलेला सापडत नाही. म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा तास, शक्यतो सकाळी अनशापोटी घ्यायची. आपल्याकडे ती जेवून, पान खाऊन, मग पाण्याबरोबर घेतली जाते आणि ‘लागू पडत नाही’ म्हणून रात्री आणखी एक.

छातीतली जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं, अल्सर, अन्ननलिकेची सूज: इतक्या दुखण्यांत ही औषधं खरोखर उत्तम आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी माणसांची शस्त्रक्रिया टळली, हे आधी मान्य करू. पण बहुतेकांना त्यांची गरज चार ते आठ आठवड्यांची असते. आठ आठवडे संपल्यावर काय होतं? माणूस गोळी सोडतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त जळजळ होते आणि तो समजतो, आपलं दुखणं जन्माचं आहे. डेन्मार्कमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० निरोगी माणसं घेतली. पित्ताचा त्रास नसलेली. निम्म्यांना आठ आठवडे याच कुळातली गोळी दिली, निम्म्यांना खोटी. बंद केल्यावर खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास सुरू झाला, खोटी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. ज्यांना रोग नव्हता त्यांना औषध सोडल्याने रोगाची लक्षणं आली. आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन वाढवून आम्ल करणाऱ्या पेशींना हाकारत राहतं. दाब काढला की त्या पेशी काही आठवडे उसळतात. ही उसळी ओसरते. एकदम सोडण्याऐवजी डॉक्टरांना विचारून मात्रा निम्मी करायची, मग दिवसाआड, आणि मधल्या जळजळीला साधं अँटासिड. वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर काहींचं बी-१२ आणि मॅग्नेशियम उतरतं, क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. याच जिल्ह्यातल्या संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण किती, हे ठाऊक असणाऱ्याने तरी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

ज्यांनी ही गोळी स्वतःहून सोडायची नाही असेही लोक आहेत. रक्तस्राव झालेला अल्सर, अन्ननलिकेची गंभीर इजा, हृदयासाठी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेणारे म्हातारे. त्यांची वेगळी यादी प्रकरणाच्या सुरुवातीलाच दिली आहे.

पॅन्टोप्राझोलच्या जोडीला डोम्पेरिडोन घातलेली कॅप्सूल हे आपल्या बाजाराचं खास वैशिष्ट्य. डोम्पेरिडोन मळमळीचं औषध. ते जठर लवकर रिकामं करतं. हृदयाचे ठोके बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारणपणे एका आठवड्याहून जास्त नाही, असं ठरवलं. अमेरिकेत त्याला कधी मंजुरीच मिळाली नाही. आपल्याकडे तीच कॅप्सूल माणसं वर्षभर, सकाळी चहाआधी, नेमाने घेतात. जळजळ आहे आणि मळमळ नाही, त्याला या जोडगोळीतला अर्धा भाग कशासाठी, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नसावी. विचारलं की राग येतो, असा अनुभव सांगणारे बरेच आहेत. तरी विचारावं.

अल्सरचं खरं कारण सापडलं ती गोष्ट मी थोडी रेंगाळून लिहिली आहे, ती मला आवडते म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. एवढ्या आम्लात जंतू जगतील कसे, म्हणून कोणी मानेना. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर आला. जंतू वाढवण्याचे प्रयत्न फसत होते; १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू उगवलेले दिसले. १९८४ मध्ये मार्शलने ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या शोधानंतर अल्सरचं नाव घेताना तिखट आणि काळजी यांच्याआधी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आठवायला लागला. वऱ्हाडी ठेच्यावरचा आरोप पूर्ण सुटला नाही, पण पहिला आरोपी बदलला. या जंतूचा उपचार दोन किंवा अधिक जंतुनाशकं आणि आम्ल दाबणारी गोळी, साधारण चौदा दिवस. पाचव्या दिवशी पोट शांत होतं आणि पट्टी सुटते, तिथेच जंतू पुढच्या वेळेसाठी शहाणा होतो. तपासणीआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल कोरा येतो. ही गोष्टही अनेकांना सांगितली जात नाही.

अल्सरचा दुसरा आरोपी शेताच्या बांधावर सापडतो. पेरणीच्या, सोंगणीच्या दिवसांत कंबर-गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक सर्रास चालतात. वेदना शमवताना ही औषधं जठराचं संरक्षक अस्तर राखणारी प्रोस्टाग्लँडिन्सही थांबवतात. त्यात उपाशीपोटी गोळी, तोंडात तंबाखू. काही जणांना दुखतसुद्धा नाही. एकदम काळी, चिकट शी होते. ती जठरातून वाहिलेल्या रक्ताची असते आणि तिथून पुढे मेडिकलवर थांबायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं असतं.

बद्धकोष्ठाचं प्रकरण छोटं आहे. इसबगोल पाणी धरून फुगतो, म्हणून त्याच्यासोबत ग्लासभर पाणी हवंच. कोरडा गिळला तर तो स्वतःच अडथळा होतो. लॅक्टुलोज पाणी आतड्यात ओढतं, बिसाकोडिल आतड्याला ढोसतं. पहिली दोन बराच काळ चालतात, तिसरं चार दिवसांचं. एरंडेल महिन्यातून एकदा घेऊन ‘कोठा साफ’ करायची पद्धत अजून आहे. गरोदर बाईला ते देऊ नये. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, वजन उतरलं, रक्त दिसलं तर पोट साफ करायचं औषध शोधत बसू नये.

घरगुती आणि आयुर्वेदिक औषधांशी माझं भांडण नाही. ओवा, हिंग, सुंठ, बाळंतशोपा यांनी पोटातला वारा सरतो, आणि हिंगाष्टक चूर्णाने बरं वाटणाऱ्याने ते सोडावं असं सांगणारा मी कोण? माझा आक्षेप नाव नसलेल्या पुडीवर आहे. कावीळ उतरवणाऱ्यांबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं आहे. हिपॅटायटिस ए आणि ई या दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळी बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. श्रेय माळ घालणाऱ्याला किंवा नाकात थेंब टाकणाऱ्याला मिळतं. गरोदरपणातली ई कावीळ मात्र जीव घेऊ शकते, आणि तिथे माळेवर घालवलेला आठवडा परत मिळत नाही.

शेवटची दोन प्रकरणं न थांबवायच्या औषधांची आहेत. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे. पोटात गोळा, बारीक ताप, उतरणारं वजन, अधूनमधून आतडं अडणं. शासनाकडून मोफत मिळणाऱ्या गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत भूक लागते, अंगावर मांस येतं आणि औषध सुटण्याचा धोका तिथेच असतो. दुसरा अल्सरेटिव्ह कोलायटिस: मोठ्या आतड्याची सूज, रक्ताची शी. त्यावरच्या सल्फासॅलाझिनचा जन्म स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्झ या डॉक्टरीणबाईंच्या हातून, संधिवाताचं औषध शोधताना झाला. आज त्याच कुळातलं मेसालामाईन अनेकांना वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. शी बरी झाली म्हणून ते सोडणाऱ्याला काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिसण्याची शक्यता मोठी. पित्ताच्या गोळीला जी शिस्त लावायची तिच्या बरोबर उलटी इथे लावावी लागते, आणि दोन्ही गोळ्या एकाच घरात, एकाच डब्यात असतात.

औषधांची नावं मूळ नावाने दिली आहेत, कंपनीच्या नव्हे. कंपनीचं नाव बदललं तरी पट्टीवर बारीक अक्षरांत मूळ नाव छापलेलं असतं. ते वाचायची सवय लागली की जनऔषधी केंद्रातलं स्वस्त पॅन्टोप्राझोल आणि बाहेरचं महाग पॅन्टोप्राझोल एकच आहे हे कळतं. किमती छापल्या नाहीत, त्या बदलतात. झिंक सोडलं तर वर्षाच्या आतल्या बाळांच्या मात्रा मुद्दाम गाळल्या आहेत. त्या पुस्तकात पाहून द्यायच्या नसतात. कर्करोग आणि यकृताच्या जुनाट दुखण्यांची औषधंही इथे नाहीत. शाळेतल्या जंतनाशक दिनाच्या अल्बेंडाझोलवर दोनच ओळी आहेत, कारण ती गोळी वर्गात शिक्षकांसमोर चावून संपते आणि तिच्या मुदतीचा प्रश्नच येत नाही.

मागच्या पानांवर कोरे रकाने दिले आहेत: औषधाचं नाव, कोणी दिलं, कधी सुरू केलं, कधी थांबवायचं. पट्टी कापून घेणार असाल तर नावाच्या बाजूचा तुकडा मागून घ्यावा आणि पहिला रकाना त्यावरून भरावा. चौथा मात्र घरी येऊन भरू नये, डॉक्टरांसमोर बसूनच भरून घ्यावा.